गुणकाचं कुलूप

९ जून
परत अडकला! नेलिदानं टाइप केलं, "सूप गरम कर." संगणक "सू... सू..." करत बसला. तोवर ती स्वतःच शेगडीपाशी पोचली होती.
घशाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत तिचा, माझ्या बायकोचा, आवाज गेला. मला तिचे ओठ कळतात. पण ग्रासिएला मोंतेविदेओहून फोन करते — लेकीला फोनवर ओठ कसे दिसणार? म्हणून हे जुनं, मंद धूड, तिनं टाइप केलेलं तिच्या वतीनं बोलायला.

१२ जून
एल्बियो आला होता. रेडिओदुरुस्तीच्या दुकानातला माझा जुना जोडीदार. "अरे वॉशिंग्टन, बोर्डाचा ठोका गुणिले प्रोसेसरचा गुणक, म्हणजे वेग. गुणक वाढव की!"
वाढवून पाहिला. ढिम्म. कारखान्यातूनच कुलूप घातलंय.

१३ जून
मग बोर्डाचा ठोका वाढवला. त्याच्यामागे मेमरीही पळायला लागली — दमली. निळा पडदा, संगणक बंद. परत तेच. परत निळा पडदा.
पाठ मोडून आली. नेलिदानं नुसते ओठ हलवले, "पुरे रे, म्हाताऱ्या."

१४ जून
काहीच केलं नाही. झोपलो.

१७ जून
एल्बियो नवी युक्ती घेऊन आला. प्रोसेसरवर बारीक सोनेरी ठिपके असतात, त्यांना जोडणाऱ्या रेघा कारखान्यात तोडतात. मऊ शिसपेन्सिलीनं त्या जोडायच्या — वीज जाते, कुलूप उघडतं.
"हात थरथरला तर जळेल हं!"
"मग तू कर."
"मी? माझ्या चमच्यातलं सूप तोंडापर्यंत पोचत नाही!"

१८ जून
डोळ्याला भिंग. नेलिदानं दिवा धरला. पहिली रेघ शेजारच्या ठिपक्याला चिकटली. पुसली. पुन्हा ओढली.
बटण दाबलं — गुणक वाढला! पंखा बोंबलतोय, बोंबलू दे. ती टाइप करते, तो लगेच बोलतो. तिचं पहिलं वाक्य — "एल्बियो, पाय पुसून आत ये." दारात आलेला एल्बियो हसला, मीही. तिचे नुसतेच खांदे हलत होते.
किती थकलोय. पण जमलं.

२० जून, रविवार
ग्रासिएलाचा फोन आला. रिसीव्हर मीच स्पीकरपाशी धरून उभा होतो. नेलिदा माझ्याकडे न बघता टाइप करत गेली.
"पोरी, यापुढे मी उपचार घेणार नाही. डॉक्टरांना कळवलंय. तुझ्या बाबांना सांगायचा धीर होत नव्हता. आता ते ऐकतायत."
यंत्र एकदाही अडखळलं नाही.