पोस्टरवरचं माझं नाव काढा

आमली, सिल्वासा
१८ एप्रिल २०२४

प्रिय पप्पा,
ख्रिस्तात सलाम.

तुमचा मेसेज मिळाला. फोनवर तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडता, म्हणून कागद घेतला. इथे ऊन पेटलंय. मेल्विनची कंपनीत सेकंड शिफ्ट चालू आहे. सासूबाई वसईला परत गेल्या नाहीत. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जातात आणि तिथूनच बाळाच्या कबरीवर.

आपल्या मंडळीच्या जळगावच्या अधिवेशनात 'विश्वासाविना बाप्तिस्मा नाही' यावर मी बोलायचं, असं तुम्ही ठरवलंत. पोस्टरही छापलंत. त्यावरचं माझं नाव काढा.

विषय मला पाठ आहे. त्यावरून लग्नाआधी मी मेल्विनच्या चर्चमधल्या फादरशी भांडले होते. मूल जाणतं होऊन स्वतः मागेपर्यंत त्याच्या कपाळाला पाणी लागणार नाही, असा मेल्विनकडून शब्द घेतला होता.

बाळ सातव्या महिन्यातच आलं. दवाखान्यात तिला ठेवलेल्या काचेच्या खोलीत फक्त आईला सोडत. डॉक्टर मान हलवून गेले, तशी सासूबाईंनी मला दारात धरलं. "धनू, फादर येईपर्यंत ती राहायची नाय. अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. तू दे."

मी सुरू झाले. शास्त्र, विश्वास, कृपा. त्यांनी ऐकून घेतलं.

"भाषण मग ऐकीन गो. तिला वेळ नाय."

मेल्विन भिंतीकडे तोंड करून उभा होता. शब्द दिलेला, म्हणून बोलला नाही.

मी आत गेले. कापसाचा बोळा भिजवून तिच्या कपाळावर पिळला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. ज्या आवाजाला तुम्ही तोवर कधी माइक दिला नव्हता, तो शेजारच्या नर्सलाही ऐकू गेला नाही.

ती गेल्यावर तुम्ही फोनवर म्हणालात, "पाणी लागू दिलं नाहीस ना? शाबास!" माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. तेवढ्यावर तुम्ही मंडळीपुढे माझ्या विश्वासाची साक्ष दिलीत.

त्या पाण्याने ती तरली, असं मी आजही मानत नाही. देव पाण्यावाचून अडत नाही. पण मेल्विनला आणि सासूबाईंना द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. मला पश्चात्ताप नाही, आणि कुणासमोर उभी राहून तो करणारही नाही.

या पाण्यासाठी मला प्रभुभोजनातून काढायचं तर नियमाप्रमाणे काढा. मंडळीपुढे माझं नाव वाचाल. आजवर तुम्ही तिला 'ते मूल' म्हणालात. माझ्याआधी तिचं नाव घ्या. मी ते त्या काचेच्या खोलीतच ठेवलं, ओल्या हाताने.

रसिकाची आई,
धनश्री