तिरप्या खडकाखालचे पिवळे चिमटे

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी, म्हणून सगळं खरं लिहायचं.
किनारा सर्वेक्षणात शिकाऊ म्हणून निवड झाली. आम्ही दोघं आहोत, महिनाअखेर कायमची नोकरी एकालाच. प्रमुख मॅडम म्हणाल्या, ज्याचं निरीक्षण नवं, त्याची. म्हणजे माझी. घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बाबा डिलिव्हरी व्हॅन घेऊन जिथे जिथे गेले तिथे 'मुलगी समुद्रात ऑफिसर आहे' असं सांगून आलेत. आता माघार नाही.
संकल्प : समुद्रातलं प्लास्टिक संपवणे. नोकरी लागली की लगेच.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
पहिली डाइव्ह. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाचा पट्टा, पायात फिन्स, आणि उलटं चालत पाण्यात शिरायचं. पडले नाही, बसले.
खोल नाही फार. पण खाली खेकडे, स्टारफिश, काटे परजून बसलेले सी अर्चिन. डोळे भरून आले. मास्कमध्ये भरले तर पुसता येत नाहीत.
दुसरा शिकाऊ माझा बडी. पाण्याखाली दोघांनी हाताच्या अंतरावर राहायचं, एकमेकांची हवा बघायची, असा नियम. नियम मान्य. पण हा सारखा माझ्या हवेच्या गेजमध्ये डोकावतो. इतकी काळजी सख्खा भाऊसुद्धा करत नाही. त्याचं नाव ठेवलं सावली.

६ फेब्रुवारी
सापडला. ऑक्टोपस. तिरप्या खडकाखाली बीळ, दारात शिंपल्यांचा ढीग, आत एक डोळा.
सावलीला ताबडतोब विरुद्ध दिशेचा एक अतिसामान्य खेकडा दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला. नाटकी वाटलं.

७ फेब्रुवारी
खडक सगळे सारखेच दिसतात. खूण हवी. आईच्या कपड्यांच्या दोरीवरचा पिवळा चिमटा नेला आणि बिळाजवळ अडकलेल्या जुन्या दोराला लावला. प्लास्टिक आहे, कबूल. पण हा संशोधनाचा चिमटा.

८ फेब्रुवारी
चिमटा गायब. वर आल्यावर सावली शीळ घालत होता. शीळ घालण्यासारखं काय झालं होतं?

११ फेब्रुवारी
दुसराही गायब. सावलीला सहज विचारलं, खाली काही पिवळं दिसलं का. म्हणाला, दिसतात की, मासे. उत्तर तयारच होतं.
उद्या दोन लावणार. आमिष.

१३ फेब्रुवारी
दोन्ही गेले. आजूबाजूचे सगळे खडक पालथे घातले. सावली मात्र बिळापाशीच रेंगाळत होता. चोर.
घरी आईची कटकट. वाऱ्याने बाबांचा शर्ट शेजारच्यांच्या गॅलरीत गेला, चिमटे जातात तरी कुठे. मी म्हटलं, घराला शिस्त नाही. ओघात प्लास्टिकच्या दुष्परिणामांवर थोडं बोलले. माझं वाक्य संपायच्या आत आई शर्ट आणायला गेली.

१७ फेब्रुवारी
आज सावलीला चकवलं. जोरात फिन्स मारल्या आणि सुटले. तळाचा गाळ उठला, काही दिसेना. तरी सरळ रेषेत पोहत होते. मग श्वास वाढला, हवा कमी झाली. घाबरले नव्हते, फक्त दोन्ही हात हलवत होते. तेवढ्यात कुणीतरी मला उताणं केलं आणि तोंडातला हवेचा रेग्युलेटर काढला.
"उभी राहा."
राहिले. पाणी गुडघ्यापर्यंत.
सावली होता. मॅडमना त्याने काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

२६ फेब्रुवारी
सादरीकरण. मी आधी. ऑक्टोपसचं बीळ, दिशा, खोली, सगळं मुद्देसूद. मॅडम म्हणाल्या, छान, आता पुढचा.
सावलीने फोटो लावला. माझंच बीळ. दारात माझे चारही पिवळे चिमटे, शिंपल्यांबरोबर नीट रचलेले. म्हणाला, हा ऑक्टोपस ते दोरावरून ओढून काढतो आणि आत गेला की त्यांनीच दार लावून घेतो. मॅडम खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेल्या. मीही गेले असते, पण चिमटे पुन्हा मोजत होते.
मॅडमनी विचारलं, इतके चिमटे आले कुठून? सावलीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, वरून पडत असतील कुणाचे तरी.
लोकांना काही वाटतच नाही, असं मॅडम म्हणाल्या. सगळ्यात जोरात मान मी हलवली. लोकांच्या बेफिकिरीवर दोन वाक्यंही बोलले.
नोकरी सावलीला.

२८ फेब्रुवारी
मॅडमनी तो फोटो सगळ्यांना पाठवला. घरी दाखवावाच लागला. बाबांनी मोबाइल जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि विचारलं, यात तू कुठेस? मी म्हटलं, मी फोटोच्या जरा बाहेर आहे. नोकरीचंही तेव्हाच सांगितलं, हळू आवाजात.
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती वाकली.
"अगं, हे आपले चिमटे."
सावलीने घरी फोन केला असेल का? नंबर कुठून मिळाला?
 बाबा माझा मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. शेजारच्या काकांना दाखवत होते.
"हे बघा. समुद्राच्या तळाशी आहेत. आमच्या घरचे."
पुढच्या खुणेला लाकडी चिमटे. ते पाण्यात तरंगतात का, बघायला हवं.