कर्नलमधली शेवटची ओळ

४ सप्टेंबर
शेवटची ओळ दोनदा का येते? मला सांगता येत नाही.
कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक निदानाची फाइल असते. मशीनचं काय दुखतंय ते ती ओळीओळीने सांगते. एका दमात वाचली तर ठीक. मध्ये थांबून पुढे वाचली, की शेवटची ओळ पुन्हा हजर. जगभर हा अन्याय चालू आहे आणि कुणाला पत्ता नाही. धारूरात बसून मला लागला.
उद्या दुरुस्त करते.

५ सप्टेंबर
परदेशातल्या एका ट्रेनिंगचा फॉर्म २० तारखेला बंद होतो. कर्नलमध्ये आपला एक तरी पॅच, म्हणजे दुरुस्ती, घेतलेला हवा, एवढीच अट. वडिलांना, म्हणजे बाप्पांना, सांगितलं. म्हणाले, वीसपर्यंत थांबतो. मग मांजरसुंब्याच्या कॉम्प्युटर क्लासवर जायचं, शहादेव सरांनी जागा धरून ठेवलीय. घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटने टायपिंग शिकवत बसणं म्हणजे देशाचं नुकसान. हे बोलले नाही. हो म्हणाले.

८ सप्टेंबर
वेळापत्रक केलं. पहाटे पाच ते सात कर्नल. तीन रंगांची पेनं वापरली. सुंदर झालंय.

९ सप्टेंबर
सव्वाआठला उठले. लाइट नव्हती, त्यामुळे तसाही उपयोग नव्हता.

११ सप्टेंबर
चारशे ओळींचा उपाय लिहिला. आता शेवटची ओळ दोनदा येत नाही. पहिलीही येत नाही. प्रगती आहे.
दिपाली वहिनी म्हणाली, एक ओळ जास्तीची येती तर खोडून टाका की. कर्नल असं चालत नाही, हे तिला शांतपणे समजावलं. मग तुमी आठ दिवस काय करायलात, म्हणाली.

१३ सप्टेंबर
जेवताना आईने विचारलं, कावून गं तोंड उतरलंय. लई सोपं करून सांगितलं. म्हणाली, त्यात काय हाय. उसाच्या फडात मोळ्या मोजताना मुकादमानं हाक मारली, की आधी बोट म्होरल्या मोळीवर ठिवायचं आन मग ओ द्यायची. बोट मोजलेल्याच मोळीवर ऱ्हायलं, तर तीच पुन्यांदा मोजली जाती.
गंमत वाटली. आईला कर्नल समजणं अवघडच. लोणचं मागून घेतलं.

१४ सप्टेंबर, सकाळी ६
सुचलं. एकदम, आपोआप. वाचन थांबतं तेव्हा कुठवर वाचलं ते दाखवणारा आकडा वाचलेल्या ओळीवरच उभा असतो. यादी संपली तरी तो एकाने पुढे सरकवायचा. चारशे ओळी खोडल्या, एक लिहिली. चालली.
पॅचखाली 'कुणी सुचवलं' अशी एक जागा असते. कोरी सोडली. प्रतिभेचं श्रेय कुणाला देणार.

१५ सप्टेंबर
कर्नल सांभाळणाऱ्यांना पॅच पाठवला. सोबत तीन पानांचं मनोगत, निळ्या अक्षरांत: ग्रामीण भाग आणि कर्नल.
सायंकाळी परत आला. फक्त साधा मजकूर चालतो म्हणे. परत पाठवणारं यंत्र होतं, म्हणून राग धरला नाही.

१६ सप्टेंबर
मनोगत काढून पाठवला. गेला. बाप्पा म्हणाले, मग पेढे आणू का. अर्धा किलो पुरणार नाहीत, असं मीच सांगितलं. गल्लीत वाटले.

२० सप्टेंबर, दुपारी २
उत्तर आलं. दोन ओळी. हे सहा वर्षांपूर्वीच दुरुस्त झालंय, नवी आवृत्ती पाहावी. माझ्या लॅपटॉपवर कॉलेजातली जुनीच आहे.
जुना बदल उघडून पाहिला. हीच एक ओळ. करणारा कुठल्याशा थंड देशातला.
आईला सांगितलं. म्हणाली, मंग त्याची आईबी ऊस तोडाया जात असंल.


२२ सप्टेंबर
कर्नलला सध्या माझी गरज नाही, असं ठरवलं आणि काल शहादेव सरांच्या क्लासवर रुजू झाले. पहिल्या बॅचला माउस धरायला शिकवलं.