चाळिसाव्या दिवशी कबरीजवळ बसू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख, जिल्हा प्रशासन,
चोर्नाया रेच्का, अल्ताय.

अर्जदार : येफिम सव्वातेयेविच कोपिलोव, निवृत्त लाकूडतोड्या, मु. वेर्खन्याया केद्रोव्का.

विषय : १९ सप्टेंबरला गाव रिकामे करताना अर्जदारास वगळण्याबाबत.

संदर्भ : दुकानाच्या दारावर लावलेली आपली सूचना.

महोदय,

१. अर्जदाराची पत्नी ग्लाफिरा ११ ऑगस्टला वारली. चाळिसाव्या दिवशी जीव पृथ्वी सोडून वर जातो, असे आमच्यात मानतात. त्या दिवशी घरच्यांनी कबरीजवळ बसून धिरडी आणि मध घातलेले शिजवलेले गहू ठेवायचे असतात. तो दिवस १९ सप्टेंबर. त्याच दिवशी अंतराळयान उडणार असून त्याची रिकामी झालेली इंधनाची टाकी आमच्या टेकड्यांवर पडायची आहे. सर्वांना बसने जिल्ह्याच्या क्लबात नेणार आहेत. कबरस्तान टाकी पडण्याच्या पट्ट्यात येते. ग्लाफिरा ज्या वाटेने वर जायची, त्याच वाटेने टाकी खाली यायची आहे. अर्जदाराला मुले नाहीत, त्यामुळे तिथे बसायला दुसरे कोणी नाही.

२. याबाबत आपल्या कार्यालयातील झिनाइदा प्रोखोरोव्ना यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, जेवण एक दिवस उशिरा घाला की. मेलेलं माणूस काही कॅलेंडर बघत नाही." यानच एक दिवस उशिरा सोडता येईल का, असे अर्जदाराने विचारले. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या बायकोसाठी अख्खं उड्डाण थांबवायचं का?" तरी नम्रपणे कळवण्यात येते की मे महिन्यात वाऱ्यामुळे उड्डाण पुढे ढकलले होते, आणि सगळे गाव क्लबात बसून परत आले होते. वाऱ्याने अर्ज केला नव्हता.

३. अर्जदाराची यानाविरुद्ध तक्रार नाही. पडलेल्या टाक्यांचा पत्रा हलका असतो, गंजत नाही. गावात त्याची कुंपणे आहेत, बर्फावरच्या घसरगाड्या आहेत. ग्लाफिराची वासरांना पाणी पाजायची डोण त्याचीच. आणली तेव्हा तिला सडक्या माशासारखा वास येत होता. ग्लाफिरा ती राखेने घासायची, उघड्या हातांनी. पुढे तिचे यकृत गेले. कशाने, ते सांगता येत नाही असे डॉक्टर म्हणाले. अर्जदारालाही सांगता येत नाही. डोण अजून अंगणात आहे. वासरे विकली.

४. उड्डाणाच्या दिवशी क्लबाच्या पायरीवर उभी राहून ती आकाशाकडे बघत क्रूसाची खूण करायची. वर माणसे आहेत की नुसती यंत्रे, हे आम्हाला कोणी सांगत नसे. अर्जदार एकदा म्हणाला, "अगं, यंत्रासाठी कसला क्रूस करतेस?" ती म्हणाली, "असली कुणाची लेकरं वर, तर? नसली तर एक क्रूस वाया गेला, एवढंच."

५. वर जाणारेही कधी कधी मरतात. त्यांचे पुतळे उभारतात, ते योग्यच आहे. पण त्यांना आधी विचारलेले असते, आणि हो म्हणण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत केलेली असते. ग्लाफिराला कोणी विचारले नाही. विचारले असते तर ती कदाचित हो म्हणाली असती. तशीच होती ती.

६. बस चालवणारा निकोदिम अर्जदाराचा शेजारी आहे. तो म्हणतो, "येफिम, तू तिथे बसून राहिलास तर मला तुला उचलून आणायला लावतील. माझी पाठ गेलीय आणि तू काही हलका नाहीस." पाठीचे तो चेष्टेने बोलतो, पण त्याला तीन लहान मुले आहेत. त्याला परत पट्ट्यात पाठवू नये, ही या अर्जातली मुख्य विनंती आहे. परवानगीची विनंती त्यानंतरची. टाकी कबरस्तानावर पडलीच, तर अर्जदाराला फार लांब न्यावे लागणार नाही.

७. परवानगी न मिळाल्यास अर्जदार बसमध्ये नसेल. तो ग्लाफिराजवळ असेल. नोंद करायची झाल्यास 'स्वतःच्या मर्जीने थांबला' अशी करावी. आमच्या गावातल्या कोणाबद्दल असे आजवर लिहिता आलेले नाही.

उत्तर आले नाही तरी आपला नम्र,

(सही)
येफिम कोपिलोव
२ सप्टेंबर

सोबत : पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.