शोरूमला द्यावी की हितेशला

५ जानेवारी, रविवार

आज परत तो आवाज. अपेक्षा गाडी अंगणात वळवत होती, ब्रेक दाबला आणि — कर्रर्र! मी ओट्यावर बोंबील निवडत होते. हात तसाच राहिला.

"काही नाही गं आई. हवेमुळे होतं."

हवेमुळे! सातपाटीत हवा काय आज आली?

रविवार म्हणून गाडी धुतली. बंदरावरून दोन कॅन भरून आणले. गाडी नवी आली तेव्हापासून हे दर्याच्या पाण्यानंच धुवायचे. लाकडाच्या बोटीला गोडं पाणी लागलं की ती कुजते, खाऱ्या पाण्यात टिकते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. "ही माझी दुसरी बोट," म्हणायचे. पोटाखाली जास्त पाणी मारायचे, कारण बोट तिथूनच बिघडते. मीही वाकून वाकून मारलं. हे गेल्याला दोन पावसाळे झाले, पण एक रविवार चुकवलेला नाही.

शोरूमचा मेसेज आला आहे. फुकटच्या सर्व्हिस संपल्या. आता पैसे भरून करायची. बाहेर केली तर वॉरंटी जाईल. साडेआठ हजार!

प्रदीप भावजी बोटीवरून उतरून तसेच आले होते. त्यांना विचारलं. हसायलाच लागले.

"वयनी, ते तेल बदलतात नि गाडी पुसून देतात. आणि कॉफी पाजतात. साडेआठ हजाराची कॉफी! बोईसरला हितेश हाय ना, त्याला दे. आमी टेम्पो त्यालाच देतो."

६ जानेवारी, सोमवार

सात वाजले तरी अपेक्षा नाही. तारापूरच्या कंपनीतून सहाला सुटते. फोन लागेना.

बोईसरचा रस्ता डोळ्यांपुढे येतो. ते टँकर, त्यांच्यामधून आमची एवढीशी गाडी. आणि तो आवाज. देवापुढे बसले तर देवापुढेही तेच दिसायला लागलं.

आली! "ट्रॅफिक होतं." चेहरा उतरलेला. जास्त विचारलं नाही. विचारलं की चिडते.

७ जानेवारी, मंगळवार

गाडीचं पुस्तक काढलं. हिंदीतलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन मासे बांधायच्या रद्दीवर झालं, त्यामुळे अर्धवट फाटलेलं वाचायची सवय आहे. हे तर अख्खं पुस्तक! दुपारभर बसले. वॉरंटीचं पान तीनदा वाचलं. जे देणार ते मोठ्या अक्षरात, जे देणार नाहीत ते मुंगीएवढ्या.

एक गोष्ट मात्र बरी सापडली. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी गाडीच्या पोटाखालून वरचेवर स्वच्छ पाणी मारावं, असं छापलं आहे. म्हणजे ह्यांचं बरोबरच होतं! भरतीच्या पाण्याएवढं स्वच्छ काय असतं?

ह्यांना सांगावंसं वाटलं. मग आठवलं.

८ जानेवारी, बुधवार

अपेक्षाला न सांगता बसने बोईसरला गेले. हितेशचं गॅरेज विचारत विचारत गेले. मला बघून तो उठलाच.

"काकी! तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

आवाजाचं सांगितलं. पुढे ऐकूनच घेईना. "ब्रेक पॅड घासलेत. दोन दिवस गाडी माझ्याकडे सोडा, झालं. अपेक्षाला मी सांगितलंय… म्हणजे, सांगतो."

"गाडी न बघता कसं कळलं रे तुला?"

"काकी, आवाजावरून कळतं."

आवाज तर मी तोंडाने काढून दाखवला होता! निघताना पुन्हा मागे आला. "शोरूमला नका देऊ हां. उगाच पैसे जातील." एवढा आग्रह कशाला? गिऱ्हाईक जाईल म्हणून? चहा मात्र पाजला. पैसे घेतले नाहीत.

येताना बसमध्ये डोकं भणभणलं. शोरूमवाला भीती घालतो, हितेश लपवतो. मध्ये माझी पोर.

१० जानेवारी, शुक्रवार

भांडण झालं.

"हितेशकडेच देऊ आई."

"का?"

"उगाच खर्च."

"तुझ्या जिवापेक्षा खर्च मोठा?"

"तू ना! प्रत्येक गोष्टीत जीव आणतेस."

आणते. एक जीव बंदरावर जाळं ओढताना गेला. छातीत कळ आली होती, तर म्हणाले, "पित्त असेल, संध्याकाळी बघू." संध्याकाळ झालीच नाही. तेव्हापासून मी संध्याकाळवर काही ठेवत नाही.

शोरूमला फोन केला. उद्या माणूस गाडी न्यायला येतो. अपेक्षा दार लावून बसली.

११ जानेवारी, शनिवार

काय लिहू.

शोरूमचा ड्रायव्हर आला, त्याच्याबरोबर मीही बसले. अपेक्षा ओट्यावर उभी. "मी येते," म्हणाली, मग म्हणाली, "नको, तू जा." ड्रायव्हर वाटेत दोनदा पुटपुटला. ब्रेक फार खाली जातो म्हणे. मी दाराची मूठ धरून बसले.

तिथे सगळं चकचकीत. खरंच कॉफी दिली! दिग्विजय नावाचा तरुण साहेब होता. तेल, फिल्टर, काय काय वाचून दाखवलं. मी म्हटलं, "ते राहू दे. ब्रेक बघा."

काचेतून दिसत होतं. गाडी लिफ्टवर वर गेली. आमच्या गाडीचं पोट मी कधी पाहिलंच नव्हतं. खाली उभा असलेला मुलगा ओरडला, "साहब, ये तो पूरा समंदर पी गई है!"

दिग्विजय मला आत घेऊन गेला. मान वर करून पाहिलं. पांढरे पोपडे, खाली लाल गंज. ब्रेकची बारीक नळी असते, तिच्यात तेल असतं, त्या तेलाच्या जोरावर गाडी थांबते. ती नळी एका जागी खाऊन खाऊन कागदाएवढी उरलेली. तिथे कोणीतरी जोडकाम केलेलं, तेही ओलं.

"मॅडम, गाडी समुद्रात नेता का?"

"नाही हो. धुते फक्त."

"कशाने?"

सांगितलं. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

"लाकडाला मीठ चालतं, मॅडम. लोखंडाला नाही. आणि हे वॉरंटीत बसत नाही."

ज्या ब्रेकच्या काळजीने माझी झोप उडाली, तो मीच खाल्ला. आठवड्याला दोन कॅन. पोटाखाली जास्त.

१२ जानेवारी, रविवार

गाडी शोरूमलाच आहे. सकाळी सवयीने कॅन उचलला. मग ठेवला. दिवसभर हातांचं काय करावं कळेना. जेवण गेलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारची नवसी तिळगूळ देऊन गेली. हळदीकुंकवाला बोलावणं नसतंच. वाचत बसले, पण एकाच पानावर.

१६ जानेवारी, गुरुवार

गाडी आली. नळ्या नव्या, खाली काळा लेप मारलेला. अपेक्षाने अंगणात वळवली, ब्रेक दाबला — आवाज नाही. मी तीनदा दाबायला लावला.

बिल साडेआठ हजारावर थांबलं नाही. किती झालं ते लिहीत नाही. सोन्याच्या दोन बांगड्यांतली एक गेली एवढंच. भावजी विचारायला आले, "मग वयनी, कॉफी कशी होती?"

म्हटलं, "कडू होती. पण भावजी, त्यांनी गाडी वर उचलली हो. आपल्यातल्या कोणी कधी खालून पाहिली होती?"

मग म्हणाले, "टेम्पो पण आमी दर्याच्याच पाण्यानं धुतो."

"उद्यापासून नका धुऊ."

अपेक्षाला नळीचं सांगितलं. मीच सडवली म्हटलं. तिला धक्का बसेल, ओरडेल असं वाटलं होतं. नुसती माझ्याजवळ येऊन बसली. काहीच विचारलं नाही. कशी सडवलीस, हेही नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

अपेक्षा बोलली. जेवताना, ताटाकडे बघत.

ब्रेक डिसेंबरातच एकदा गेला होता. बोईसरला, पुलाच्या उतारावर. हँडब्रेक ओढून कशीबशी थांबवली. हितेशने खाली निजून सगळं पाहिलं, पाणी कुठलं तेही ओळखलं. जोडकाम त्याचंच. नवी नळी यायची होती. आईला सांगायचं नाही, अशी शपथ तिनेच त्याला घातली. तेव्हापासून इथून हळूहळू शिरगावपर्यंत जायची, तिथल्या मैत्रिणीच्या, दीपाच्या अंगणात गाडी लावायची आणि बसने पुढे.

मी ज्या टँकरांना घाबरत होते, त्यांच्यात आमची गाडी नव्हतीच.

"मला का नाही सांगितलंस?"

"गाडी धुतेस ना आई, त्या दिवशी तू पोटभर जेवतेस."