एका जुन्या वाचकाच्या तक्रारी

अर्विंग, टेक्सस
१४ जून २०२५

तीर्थरूप अण्णांना,
ज्ञानदाचा नमस्कार.

मी बरी आहे. इथं ऊन मरणाचं आहे, दुपारी गाडीचं स्टिअरिंगसुद्धा धरवत नाही. आईच्या गुडघ्याचं कळलं. तिला म्हणावं, गच्चीवर वाळवणं घालायला चढू नको, मिरजेत पापड विकतही मिळतात.

मी फोन केला की तुम्ही "घे, तुझा आहे" म्हणून आईच्या हातात देता. म्हणून हे पत्र. छापलेला किंवा लिहिलेला कागद न वाचता बाजूला ठेवणं तुम्हाला आयुष्यात जमलेलं नाही, त्याचा फायदा घेतेय.

कामाचं सांगते, तुम्हाला ऐकायचं नसलं तरी. इथून जवळच फ्रिस्कोला राहणारे जगन्नाथकाका इथं आल्यापासून दर हिवाळ्यात भारतातून दिवाळी अंक आणायचे आणि गराजमध्ये रचून ठेवायचे. टेक्ससचं गराज म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. पानं पापडासारखी झाली आहेत, हात लावला की कोपरा तुटतो. ते सगळे अंक त्यांनी आमच्या लायब्ररीला दिले आणि त्या अंकांचं डिजिटल दालन उभं करायला लायब्ररीनं मला नेमलं. एकेक पान मीच उलटते, स्कॅन करते, वेबसाइटवर चढवते. वाचणारे मोजकेच आहेत. त्यातला एक रोज वाचतो.

तो रोज तक्रारही करतो. वेबसाइटवर वाचकांना लिहायला एक चौकट आहे, तिच्यात "एक जुना वाचक" एवढीच सही. पान तिरपं आलं आहे. शब्दकोड्याची उजवी बाजू कापली गेली आहे, वाचकाने आडवे शब्द कसे सोडवावेत? अनुक्रमणिकेत कथा म्हटलं आहे तिथं केशतेलाची जाहिरात आहे. "फराळ" असं शोधलं तर राशिभविष्य येतं, सबब शोधयंत्रणा निरुपयोगी आहे.

अण्णा, तुम्हाला काय वाटलं, मला कळणार नाही? "सबब" लिहिणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. शिवाय गुरुवारी तुमच्याकडे वीज जाते, त्या दिवशी एकही तक्रार नसते.

मी गप्प राहिले. तक्रार वाचायची, पान सरळ करायचं आणि "आपण कळवल्याबद्दल आभारी आहोत" असं साच्यातलं उत्तर पाठवायचं. बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू? दोन दिवाळ्या तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, पण माझं एक पान सोडलं नाहीत.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. इथं तक्रार म्हणजे तक्रारच असते. ती नोंदली जाते, मोजली जाते. आमचं दालन लायब्ररीत सगळ्यात लहान आणि तक्रारी सगळ्यात जास्त. माझी बॉस अनिका, आईवडील ठाण्याचे पण ती इथंच जन्मलेली, गेल्या आठवड्यात मला घेऊन बसली.

"ज्ञानदा, यूजर एक्स्पेक्टेशन्स मीट होत नाहीयेत. हा माणूस सुपर अनहॅपी आहे. रोज कम्प्लेंट, यार! कमिटी म्हणतेय कलेक्शन ऑफलाइन करा."

मी विचारलं, "तुझे बाबा आईच्या आमटीला कधी छान म्हणतात?"

"नेव्हर. मीठ कमी आहे म्हणतात."

"आणि किती वाट्या घेतात?"

ती हसली. "दोन. समटाइम्स तीन. पण मी कमिटीला आमटी कशी एक्स्प्लेन करू?"

दालन बंद झालं तर माझी नोकरी जाईल, कारण मला त्याच्यासाठीच घेतलंय. नोकरी गेली की व्हिसाही गेला. महिनाअखेर ठरेल. हे पत्र पोचेपर्यंत बहुधा ठरून गेलेलं असेल, तेव्हा मी तुमच्याकडे काही मागत नाहीये हे लक्षात ठेवा.

एक क्षण मनात आलं, तुम्ही मुद्दाम तर करत नाही ना? पोरगी हात हलवत परत यावी म्हणून? सनीव्हेलची सॉफ्टवेअर कंपनी सोडून मी लायब्ररीचा कोर्स घेतला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी जन्मभर कॉलेजच्या लायब्ररीत धूळ पुसली, ती तू अमेरिकेत जाऊन धूळ पुसावीस म्हणून नाही." तो राग माझ्या मनात अजून आहे. तुम्ही ग्रंथपाल असून प्राचार्यांनी तुम्हाला सगळ्यांदेखत कारकून म्हटलं होतं, मला माहीत आहे. पण ज्या कामावर तुम्ही आम्हाला वाढवलंत त्याची तुम्ही लाज बाळगावी, आणि वर मलाही बाळगायला लावावी, हे मी ऐकून घेणार नाही.

मग परवाची तक्रार आली. "पान एकशे बारा. मजकुरावर अंगठा आला आहे. तीन ओळी झाकल्या गेल्या. अंगठ्याला पट्टी आहे, सबब जखम असावी. पट्टी ओली राहू देऊ नये."

अनिकाने विचारलं, "ही कुठल्या कॅटेगरीत टाकू?" मी पार्किंगमध्ये जाऊन रडले. परत आले आणि तिला सांगितलं, कमिटीपुढे मीच बोलणार. ज्या दालनाला वाचक रोज नावं ठेवतो, ते कुणीतरी पानन् पान वाचतंय. ज्या दालनांबद्दल एकही तक्रार नाही, तिथं शेवटचं पान कुणी कधी उघडलं ते आधी दाखवा म्हणावं. माफी वगैरे मी मागणार नाही.

आणि तुम्हीही ऐका. हे वाचून पोरीच्या पोटावर पाय नको म्हणून तुम्ही गप्प बसाल, ओळखते मी तुम्हाला. ते चालणार नाही. गुरुवार सोडून एक दिवस जरी चुकलात तर मी समजेन, अण्णांनी माझं काम वाचायचं सोडलं. दालन गेलं तर मी दुसरं काम शोधीन. तुमची दया मात्र नको. पान तिरपं असेल तर तिरपं म्हणा.

अंगठा कटरनं कापला होता, भरलाय आता. पान एकशे बारा मी पुन्हा घेतलं आणि स्वच्छ पान वर चढवलं. आधीचं काढून टाकायला अनिकाने सांगितलंय. ते मी काढलेलं नाही आणि काढणारही नाही. दोन्ही पानं शेजारी शेजारी राहतील. लोक विचारतील हे काय, तर विचारू देत. ग्रंथपालाचा हात आहे तो.

जुलैच्या पहिल्या रविवारी फोन करीन. आईकडे देऊ नका.

तुमच्याच पेशातली,
ज्ञानदा