बाबाच्या पोटातले जंतू

१२ नोव्हेंबर २०२५
बाबा पीत नाही. थेंबही नाही. हात थरथरते म्हणून सारं अड्याळ गाव म्हणते, श्यामराव ढोसते. आज किराणा दुकानात वीरेंद्रकाका सगळ्यायसमोर म्हणे, "काहो भाऊ, सकाळीच घेतली का?" लोकं हासले. सख्खा भाऊ! मी तेलाची पिशवी धरून उभी. तोंड उघडलं नाही. नववीतून शाळा सुटली ते याच तोंडापायी — कोणी विचारलं का जीभ चिकटते.

१४ नोव्हेंबर
बाबाले घेऊन नागपूरले गेली. कंपवात निघाला. डॉक्टरीणबाईनं हात पाहिले, मंग विचारलं, "पोट साफ होतं का?" बाबा छताकडे पाहाले लागले. मीच सांगतलं — पोट दहा सालापासून खराब, हात दोन सालापासून. अनोळखी माणसासमोर एवढी कधी बोलली नव्हती.
बाई म्हणे, काही लोकांत हा रोग आतड्यात सुरू होत असेल. तिथले जंतू बिघडतात, मग मेंदूपर्यंत जातं. नक्की माहीत नाही, म्हणून तपासतोय. बाबाच्या संडासचा नमुना पाहिजे. डब्बी देल्ली.
जंतू. दारू नाही.

१५ नोव्हेंबर
बाबा नाहीच म्हणते. "पोरीच्या हातून आपला गू नागपूरले धाडू? काही शरम?"
मी म्हटलं, लोकं बेवडा म्हणते त्याची शरम नाही, अन् याची आहे?
बाबा डब्बी कोनाड्यात ठेवून बाहेर निघून गेले.

१७ नोव्हेंबर
सकाळी चुपचाप डब्बी हातात देल्ली!
बर्फात न्याची होती. बर्फ बसथांब्याजवळच्या मासोळीवाल्या निर्मलाबाईपाशी. "कायले पाहिजे व?"
"बाबाचा गू न्याचा आहे. तपासाले."
बसथांब्यावरचे लोकं वळून पाहाले लागले. पाहा म्हटलं.
निर्मलाबाईनं थर्मास बर्फानं गच्च भरून देल्ला. "मासोळीचा वास लागन बरं त्याले."

२० नोव्हेंबर
काका म्हणे, "गू पोचला का?" मी म्हटलं, पोचला. हासत राहिला.

२३ नोव्हेंबर
बाबानं जेवता जेवता सांगतलं. डब्बीतला गू त्यायचा नव्हता. वीरेंद्रकाकाचा होता. "त्याचं पोट चांगलं आहे. रिपोर्ट चांगला येईन म्हणून मागतला."
मी घास खाली ठेवला. "रिपोर्ट चांगला आला तं लोकं म्हणतीन, दारूच होती ना, बाबा."
बाबानं थाली बाजूले सारली. मंग म्हणे, "उद्या मी येतो नागपूरले. डॉक्टरीणबाईले मीच सांगतो."